कवळीखालचा रंग काय सांगतो?



आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ वडीलधारी मंडळी आज दातांची कवळी वापरतात. कवळी बसली, भाकरी चावता येऊ लागली, बोलणे स्पष्ट झाले, की आता दातांची कटकट कायमची मिटली असा आपला समज होतो. दात गेले तरी तोंड जिवंतच असते, ही गोष्ट मात्र विसरली जाते. कवळी ज्या हिरडीवर आणि टाळूवर बसते त्या जागेला रक्त लागते, लाळ लागते आणि विसावाही लागतो.

बैलाच्या मानेवर जू ठेवणारा शेतकरी संध्याकाळी जू उतरल्यावर खांद्यावरून हात फिरवतो. कातडी लाल झाली आहे का, सूज आहे का, केस गेले आहेत का, हे तो पाहतो. जू नीट बसत नसेल तर खांदेसूज येते आणि मग ऐन पेरणीत बैल बसून राहतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. बैलाच्या खांद्याची एवढी काळजी घेणारा तोच माणूस आपल्या तोंडातील कवळी मात्र महिनोन्‌महिने काढून पाहत नाही. म्हणून या पाठात आपण कवळी वापरणाऱ्यांच्या तोंडातील रंग कशामुळे बदलतो, त्यातले साधे कोणते आणि धोक्याचे कोणते, याचा विचार करू. आम्ही डॉक्टर नव्हे आणि हा पाठ डॉक्टरची जागा घेणारा नाही. डॉक्टरकडे वेळेवर कसे जावे एवढेच येथे शिकायचे आहे.

१. आधी नेहमीचा रंग ओळखावा

निरोगी तोंडाचा आतला रंग गुलाबी असतो, असे पुस्तकांत लिहिलेले असते. आपल्यासारख्या सावळ्या माणसांच्या हिरड्यांवर मात्र लहानपणापासूनच तपकिरी किंवा काळसर पट्टे असतात. कातडीला रंग देणारे द्रव्यच हिरडीलाही रंग देते. हे पट्टे बहुधा दोन्ही बाजूंना सारखे असतात, दुखत नाहीत आणि वर्षानुवर्षे तसेच राहतात. तो रोग नव्हे आणि त्यावर औषध नको.

म्हातारपणी जिभेखाली निळ्या-जांभळ्या फुगीर शिराही दिसू लागतात. खालची कवळी काढताना जीभ उचलली की त्या एकदम नजरेस पडतात आणि माणूस घाबरतो. पायावर शिरा फुगाव्यात तशाच त्या वयोमानाने फुगतात.

तेव्हा पहिला नियम असा की आपल्या तोंडाचा नेहमीचा रंग आपल्याला माहीत असला पाहिजे. तो माहीत असेल तरच बदल झालेला कळेल.

२. लाल रंग

कवळी वापरणाऱ्यांत सर्वांत अधिक आढळणारा बदल म्हणजे वरच्या कवळीखाली टाळू लाल होणे. कवळी काढल्यावर जेवढ्या जागेवर ती बसते तेवढीच जागा लाल दिसते, जणू कोणी आखून रंगवली आहे. नवल असे की बहुतेकांना हे दुखत नाही आणि म्हणून कळतही नाही.

याचे कारण बहुधा कॅन्डिडा नावाची बुरशी असते. ही बुरशी पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडातही थोडी असतेच. ओलसर, हवा न लागणाऱ्या कणगीतले धान्य बुरसते, तसाच प्रकार कवळीखाली घडतो. वरची कवळी टाळूला घट्ट चिकटलेली असते, तिच्याखाली लाळेचा प्रवाह पोचत नाही, अन्नाचे कण साचतात, आणि कवळीच्या बारीक छिद्रांत बुरशी घर करते. त्यात कवळी रात्रंदिवस तोंडातच राहिली, नीट धुतली गेली नाही, किंवा सैल होऊन घासू लागली, तर लाली वाढत जाते. १९६२ साली न्यूटन या दंतवैद्याने या विकाराच्या तीन पायऱ्या सांगितल्या आणि त्या आजही मानल्या जातात. प्रथम टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. पुढे सगळी जागा लाल होते. शेवटी टाळूवर बारीक दाणे उठून तो खडबडीत होतो. पहिल्या दोन पायऱ्यांवर स्वच्छता, रात्रीचा विसावा आणि डॉक्टरने दिलेले बुरशीवरचे औषध यांनी बहुधा गुण येतो. तिसरीवर मात्र कधीकधी शस्त्रक्रिया करावी लागते.

ज्यांना मधुमेह आहे, जे दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप ओढतात, ज्यांनी पुष्कळ दिवस अँटिबायोटिक घेतले आहे, किंवा ज्यांचे तोंड औषधांमुळे कोरडे पडते, त्यांना ही बुरशी लवकर धरते. पंप ओढल्यावर कवळी काढून पाण्याने खळखळून चूळ भरावी. योग्य काळजी घेऊनही लाली पुन्हापुन्हा येत असेल तर रक्तातील साखर तपासून घ्यावी.

तोंडाचे कोपरे लाल होऊन चिरतात तोही याच घराण्यातला विकार आहे. कवळी जुनी होऊन तिचे दात झिजले की दोन्ही जबडे वाजवीपेक्षा जवळ येतात, ओठांच्या कोपऱ्यांत घडी पडते, तिथे लाळ साचते आणि बुरशी किंवा जंतू वाढतात. लोहाची व ब जीवनसत्त्वांची उणीव हेही त्याचे एक कारण असते. नुसते मलम लावून भागत नाही, कवळीची उंची तपासावी लागते.

नवी कवळी घातल्यावर थोड्याच दिवसांत सगळीकडे आग होऊ लागली, तर क्वचित कवळीच्या ॲक्रिलिकची ॲलर्जीही असू शकते. तसेच एकाच ठिकाणी लाल होऊन जखम झाली असेल, तर कवळीची कड तिथे टोचत असते. अशा वेळी घरी कानशीने कवळी घासण्याचा उद्योग करू नये. दंतवैद्य पाच मिनिटांत नेमकी जागा शोधून घासून देतो. आपण घासली तर ती सगळीच बिघडते.

कवळीच्या आकाराशी संबंध नसलेला, मखमलीसारखा लाल चट्टा जिभेच्या कडेला, जिभेखाली किंवा गालात दिसला, तर मात्र थांबू नये. तोंडातील सर्व चट्ट्यांत हा फार धोक्याचा मानला जातो. तो कर्करोगाकडे झुकलेला किंवा कर्करोगच असण्याचा संभव मोठा असतो.

३. पांढरा रंग

पांढऱ्या रंगाचे दोन भाग करावेत, पुसला जाणारा आणि पुसला न जाणारा. स्वच्छ ओल्या फडक्याने हळूच पुसल्यावर दह्याच्या कवडीसारखा थर निघाला आणि खाली लाल जागा दिसली, तर ती बहुधा वर सांगितलेली बुरशीच असते. नखाने मात्र खरवडू नये.

न पुसला जाणारा पांढरा चट्टा कवळीच्या घासण्यानेही पडतो. नांगर धरणाऱ्या हाताला घट्टे पडतात तसाच तो असतो. कवळी दुरुस्त केली की असा चट्टा बहुधा दोन-तीन आठवड्यांत जातो. कवळीच्या कडेशी मांसाची मऊ घडी वाढलेली दिसते, तीही सैल कवळीच्या सततच्या घासण्यानेच होते.

कवळी दुरुस्त होऊनही चट्टा गेला नाही, तर तंबाखूची आठवण करावी लागते. येथे आम्हाला थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. निपाणीच्या परिसरात तंबाखू पिकतो आणि त्यावर कित्येक घरांनी मुलांची शिक्षणे व लग्ने केली. त्या कष्टांना आम्ही नावे ठेवत नाही. पण पिकवणे वेगळे आणि गालात धरणे वेगळे. दात पडले तरी मिश्रीची सवय सुटत नाही. आमच्या कित्येक आज्या दात नसलेल्या हिरडीवर दोन वेळा मिश्री फिरवतात आणि वर कवळी बसवतात. मग मिश्रीचा कण कवळीखाली तासन्‌तास दाबलेला राहतो. पुरुष मंडळींत चुना-तंबाखूची गोळी जिथे ठेवतात तिथेच पांढरा, सुरकुतलेला चट्टा पडतो. असे काही चट्टे पुढे कर्करोगात बदलतात. कोणते बदलतील हे नजरेने सांगता येत नाही. त्यासाठी लहानसा तुकडा काढून तपासावा लागतो. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही समजूत खोटी आहे.

सुपारी निरुपद्रवी आहे असे पुष्कळांना वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात, तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे असे ठरवले. सुपारीने तोंडाचे आतले अस्तर फिके, पांढुरके आणि ताठर होते, तिखट सोसत नाही आणि तोंड कमी उघडू लागते. आपली तीन बोटे एकावर एक धरून तोंडात जात नसतील, किंवा पूर्वी सहज निघणारी कवळी आता काढता-घालता येत नसेल, तर डॉक्टरला दाखवावे.

४. काळा, तपकिरी व निळसर रंग

हा रंग दिसला की माणूस सर्वांत अधिक घाबरतो. पण यातील बरीच कारणे साधी असतात.

पानाचा, चहाचा आणि लोहाच्या पातळ औषधाचा डाग वरवरचा असतो. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या पुष्कळ दिवस केल्या तर जीभ आणि कवळी तपकिरी होते. जीभ काळी व केसाळ दिसू लागते त्याचे कारण जिभेवरचे बारीक तंतू वाढणे हे असते. तंबाखू, अँटिबायोटिक आणि जीभ साफ न करणे यांमुळे तसे घडते. मऊ ब्रशने जीभ साफ करत गेले की ते उतरते.

हिरडीत निळसर-राखी ठिपका असेल आणि त्या जागी पूर्वी चांदी भरलेला दात होता असे आठवत असेल, तर त्या धातूचा कण मांसात राहिला असण्याचा संभव असतो. तो वाढत नाही आणि अपायही करत नाही.

कवळीत गाल सापडून चावला गेला तर जांभळा रक्ताचा फोड येतो. तो दिवसागणिक रंग बदलत दोन आठवड्यांत जातो.

बिडी ओढणाऱ्यांच्या हिरड्यांवर, विशेषतः पुढच्या बाजूला, तपकिरी छटा चढते. बिडी सोडल्यावर ती सावकाश, काही महिन्यांत किंवा वर्षांत फिकी होते.

काही औषधेही रंग बदलतात. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या टाळूवर निळसर-राखी छटा येऊ शकते आणि ती नेमकी कवळीखाली लपते. म्हणून दंतवैद्याकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. पण घाबरून आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

आता धोक्याची दोन कारणे. पहिले असे की गालाच्या आत नवे तपकिरी डाग पडले, अंगाची कातडीही काळवंडू लागली, आणि त्याबरोबर थकवा, वजन घटणे, उभे राहताना चक्कर येणे असे घडत असेल, तर मूत्रपिंडावरील ग्रंथींचा विकार असू शकतो. आपल्या देशात क्षयरोगामुळेही त्या ग्रंथी निकामी होतात. हे काम दंतवैद्याचे नव्हे, मोठ्या डॉक्टरचे आहे.

दुसरे कारण म्हणजे काळा कर्करोग, ज्याला मेलॅनोमा म्हणतात. तोंडात तो दुर्मीळ आहे. पण होतो तेव्हा बहुधा टाळूवर किंवा वरच्या हिरडीवर होतो, म्हणजे नेमका वरच्या कवळीने झाकलेल्या जागी. डाग पसरत आहे, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच डागात दोन-तीन छटा आहेत, गाठ उठली आहे किंवा रक्त येते आहे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात दाखवावे.

५. फिका व पिवळा रंग

टाळू आणि हिरड्या फिक्या, जीभ गुळगुळीत व झोंबणारी, असे दिसले तर रक्त कमी असण्याचा संभव असतो. दात नसलेली माणसे भाजी, डाळ, शेंगा टाळून चहात बुडवलेल्या पावावर दिवस काढतात आणि मग लोह व जीवनसत्त्वे कमी पडतात. जिभेखाली व टाळूच्या मागच्या भागात पिवळेपणा दिसला आणि डोळेही पिवळे असले तर कावीळ समजावी.

६. महिन्यातून एकदा पाहणी

प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी, उजेडात, आरशासमोर बसावे. हात धुवावेत. दोन्ही कवळ्या काढून चूळ भरावी. मग टाळू, वरची हिरडी, खालची हिरडी, दोन्ही गालांची आतली बाजू, जिभेचा वरचा भाग, दोन्ही कडा, जिभेखालची जागा आणि ओठांचे कोपरे, या क्रमाने पाहावे. ज्यांची नजर कमी झाली आहे त्यांचे तोंड मुलाने, सुनेने किंवा नातवाने मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात पाहावे.

नवा डाग दिसला तर घरातील कॅलेंडरवर त्या तारखेपुढे तो कुठे आहे, कोणत्या रंगाचा आहे आणि केवढा आहे ते लिहावे. ज्वारीच्या दाण्याएवढा, हरभऱ्याएवढा, असे लिहिले तरी चालेल. डागावर हळद किंवा जेन्शन व्हायोलेट नावाचे जांभळे औषध लावू नये. त्याने खरा रंग झाकला जातो आणि डॉक्टरला काही दिसत नाही.

७. कवळीची रोजची निगा

प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून धुवावी. दिवसातून एकदा मऊ ब्रश व सौम्य साबणाने घासावी. राखुंडी, मिठाची पूड किंवा खरखरीत टूथपेस्ट वापरू नये, कारण तिने ओरखडे पडतात आणि त्यांत बुरशी बसते. धुताना खाली पाण्याचे घमेले ठेवावे, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. उकळते पाणी वापरू नये, त्याने कवळीचा आकार बिघडतो.

रात्री कवळी काढून साध्या गार पाण्यात ठेवावी आणि हिरड्या, टाळू व जीभ मऊ ओल्या फडक्याने पुसाव्यात. हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत अधिक मोडला जातो. जपानात ८५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ५२४ वृद्धांची तीन वर्षे पाहणी करण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून थोडा अधिक आढळला.

ब्लीचचे पाणी वापरायचेच असेल तर दंतवैद्याने सांगितलेल्या प्रमाणात, फार तर १० मिनिटे, आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन. धातूची तार किंवा पत्रा असलेल्या कवळीला ते लावू नये.

बुरशीचे औषध डॉक्टरने दिले तर ते तोंडाला आणि कवळीला अशा दोन्ही ठिकाणी उपचार व्हावा अशा रीतीने वापरावे. नुसते तोंड बरे केले आणि कवळी तशीच ठेवली तर बुरशी परत येते. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगावे. मायकोनाझोलच्या जेलने त्या गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो.

दात काढल्यावर हिरडीखालचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते. म्हणून एकदा केलेली कवळी जन्मभर बसत नाही. दुखत नसले तरी वर्षातून एकदा ती दंतवैद्याला दाखवावी.

८. दोन आठवड्यांचा नियम

कोणताही लाल, पांढरा किंवा काळा डाग, जखम अथवा गाठ दिसली तर कवळी शक्य तितका वेळ बाहेर ठेवावी, स्वच्छता वाढवावी, तंबाखू-सुपारी बंद करावी आणि दोन आठवडे वाट पाहावी. तेवढ्यात गेली नाही तर दुखत नाही म्हणून बसून राहू नये. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. रक्त येणे, गिळताना त्रास होणे, जीभ जड होणे, मानेत गाठ लागणे किंवा डाग झपाट्याने वाढणे, यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नये.

खर्चाचा प्रश्न आम्हाला ठाऊक आहे. उसाचे बिल हाती आल्यावर बघू, असे म्हणत पुष्कळ वडील मंडळी दुखणे पुढे ढकलतात. बेळगावात दंत महाविद्यालये आहेत, गोव्यात बांबोळीला शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी तपासणी थोड्या खर्चात होते. लवकर सापडलेला चट्टा लहानशा शस्त्रक्रियेने निघतो. उशिरा सापडलेल्यासाठी जमीन गहाण टाकावी लागते आणि तरी माणूस हाती लागेलच असे नाही.

आणखी एक अडचण पैशाची नव्हे, लाजेची आहे. बोळके तोंड सुनेसमोर कसे दाखवायचे, म्हणून कित्येक आजी-आजोबा कवळी काढतच नाहीत. आजाऱ्यांच्या भेटीला जातो तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडात दिवसच्या दिवस तीच कवळी राहिलेली आम्ही पाहतो. घरच्यांचे लक्षच गेलेले नसते. तेव्हा तरुण मंडळींना आमचे सांगणे असे की वडिलांची कवळी धुणे हे हलके काम समजू नका. आईने आपले तोंड पुसले होते, आता तिचे तोंड पाहण्याची पाळी आपली आहे.

उजळणी

घरातील सर्वांनी मिळून ही उत्तरे द्यावीत.

१) आपल्या घरात कवळी कोण वापरते आणि ती रात्री कुठे असते?
२) कवळीच्या आकाराची लाली बहुधा कशाने येते?
३) पांढरा थर पुसला जातो की नाही, यावरून काय कळते?
४) काळ्या डागाची कोणती लक्षणे दिसल्यास त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावे?
५) आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे तोंड कवळी काढून शेवटचे कोणी आणि केव्हा पाहिले?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर आले नाही, तर येत्या रविवारी जेवणापूर्वी ते काम उरकून घ्यावे.